नवी शाळा बांधताना जुन्या माणसांची नावं कुठे जातात?

सातारा : जिल्ह्यातल्या अनेक गावांत जिल्हा परिषद शाळांच्या जुन्या कौलारू खोल्या पाडून तिथं स्लॅबच्या नव्या खोल्या होत आहेत. काम चांगलंच आहे. पावसाळ्यात गळणारी कौलं, वाळवीनं पोखरलेले वासे आणि उखडलेली शहाबादी फरशी यातून मुलांची सुटका होते.

पण या गडबडीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या खोलीच्या दारावर किंवा ओट्याच्या कडेला बऱ्याचदा एक पाटी असते. शाळेला जागा कुणी दिली, खोली कुणाच्या स्मरणार्थ बांधली, कोणत्या साली बांधली हे तिच्यावर लिहिलेलं असतं. खोली पडते त्या दिवशी ती पाटी राडारोड्याबरोबर ट्रॉलीत जाते. नव्या इमारतीवर पाटी लागते ती उद्घाटनाची. तिच्यावर मान्यवरांची नावं आणि निधीची योजना असते. पण ज्यांच्या जागेवर, श्रमावर आणि शिकवण्यावर शाळा उभी राहिली, त्यांचं नाव तिथं नसतं.

शाळेची माणसं म्हणजे फक्त देणगीदार नव्हेत. पस्तीस वर्षं एकाच शाळेत चौथीचा वर्ग घेतलेले गुरुजी, पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी, घंटा वाजवणारे शिपाई मामा, सैन्यात जाऊन कामी आलेला माजी विद्यार्थी आणि शिकता शिकता आजारानं किंवा अपघातानं गेलेलं लेकरू, ही सगळी शाळेचीच माणसं. नव्या इमारतीत त्यांच्यासाठी जागा ठेवायची तर काय करावं लागतं, कधी करावं लागतं आणि काय टाळावं, ते पाहू.

ठरवायची वेळ खोली पाडण्याआधीची

जिल्हा परिषदेची जुनी खोली कुणालाही वाटलं म्हणून पाडता येत नाही. खोली धोकादायक किंवा वापरायोग्य नसल्याचा प्रस्ताव शाळेकडून जातो, अभियंते पाहणी करतात आणि निर्लेखनाची मंजुरी येते. मग जुन्या सामानाचा लिलाव होतो. कौलं, सागवानी वासे, दारं-खिडक्या आणि दगड हे सगळं त्यात येतं. हे सामान जिल्हा परिषदेच्या मालकीचं असतं. त्यामुळे पाडकाम सुरू झाल्यावर ‘ती पाटी तेवढी आम्हाला द्या’ म्हणून धावण्यात अर्थ नसतो. तोवर ठेकेदाराच्या माणसानं घण मारलेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव जातानाच मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं एक पत्र जोडावं. जुनी कोनशिला, दात्यांची पाटी, पितळी घंटा आणि एखादी कोरीव चौकट या वस्तू लिलावाच्या यादीतून वगळून शाळेकडेच ठेवाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहावं. पाटीचा आणि संपूर्ण खोलीचा फोटो काढून ठेवावा. अक्षरं झिजली असतील तर ओल्या फडक्यानं पुसून तिरप्या उजेडात, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी फोटो घ्यावा, म्हणजे कोरलेलं नीट दिसतं. मजकूर वहीत उतरवून गावातल्या दोन जुन्या माणसांकडून वाचून घ्यावा.

कायद्यातही यासाठी जागा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. कलम २२ नुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. स्मृतीसाठी कोपरा, भिंत किंवा झाडांची जागा ठेवायची असेल तर ती याच आराखड्यात आणि इमारतीच्या नकाशात आधी दाखवायला हवी. इमारत पूर्ण झाल्यावर ड्रिल मशीन घेऊन नव्या भिंतीला भोकं पाडत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पहिला सन्मान सातबारावर

जागा देणाऱ्याचा विषय थोडा वेगळा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अनेकांनी शाळेसाठी दोन-चार गुंठे तोंडी शब्दावर दिले. दगडावर नाव कोरलं, पण कागद झाला नाही. स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदणीकृत असावं लागतं, नुसत्या शब्दावर मालकी बदलत नाही. आता दाता नाही, त्याची मुलं नाहीत आणि नातवंडं पुण्या-मुंबईला. सातबारावर आजही आजोबांचंच नाव आहे. नव्या खोलीचा निधी येतो आणि जागेच्या कागदापाशी अडतो. मग ज्या माणसानं गावाला जागा दिली त्याच्याच वारसांशी गावाचं भांडण लागतं.

अशा वेळी दात्याचा खरा सन्मान म्हणजे वारसांना मानानं बोलावून कागद पूर्ण करून घेणं. बक्षीसपत्र, फेरफार आणि सातबारावर नोंद झाली की मग नव्या इमारतीत दात्याच्या नावाची पाटी. क्रम उलटा झाला तर पाटी राहते आणि वाद सुरू होतो.

नाव मोठं की काम मोठं

नाव द्यायचा विषय निघाला की गावात पहिला प्रश्न येतो, ‘पैसे किती दिले?’ याबाबत सातारकरांना लांब जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. त्याबद्दलची एक गोष्ट आजही सांगितली जाते. एका धनिकानं मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजला आपल्या घरातलं नाव देण्याची अट घातली. त्यावर, एक वेळ माझ्या बापाचं नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही, असं अण्णांनी सुनावलं. देणगी गेली, नाव राहिलं.

याच संस्थेचं दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई पाटील यांचं. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. त्या काही पाटीवर नाव लागावं म्हणून करत नव्हत्या. पण त्यांचं नाव संस्थेनं पुसू दिलं नाही. सोलापूरचं मुलींचं महाविद्यालय आज त्यांच्या नावानं चालतं.

गावच्या शाळेनं यातून घ्यायचं ते एवढंच की नाव लावताना पैसा हा एकच माप नको. एक लाख देणाऱ्याचं नाव फूटभर अक्षरात आणि पंचवीस वर्षं खिचडी शिजवलेल्या मावशींचं नाव कुठंच नाही, असं झालं तर मुलं त्या भिंतीवरून वेगळाच धडा शिकतील. त्यामुळे काही नियम आधीच समितीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावेत :

- सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची. क्रम वर्णानुक्रमे किंवा सालाप्रमाणे.
- नावापुढे शाळेशी असलेलं नातं लिहावं : शिक्षक, विद्यार्थी, स्वयंपाकी, शिपाई, जागा देणारे. देणगीचा आकडा नको.
- पुढची नावं लागतील म्हणून जागा मोकळी ठेवावी. एकच मोठी पाटी कोरण्यापेक्षा एकेका नावाची छोटी पट्टी लावली तर नंतर भर घालता येते.
- हयात माणसाचं नाव या भिंतीवर नको. त्यांच्यासाठी सत्कार आहे, श्रीफळ आहे.
- कोणत्याही पक्षाचं चिन्ह, रंग किंवा नेत्याचा फोटो नको.

एक खबरदारीही हवी. वर्गखोलीला, वाचनालयाला किंवा बागेला नाव देणं वेगळं आणि शाळेचं नाव बदलणं वेगळं. शाळेचं नाव यू-डायसवर, दाखल्यांवर आणि शिक्क्यांवर असतं. ते गावातल्या गावात ठरवून बदलता येत नाही. आतल्या खोलीला नाव द्यायचं असलं तरी ग्रामसभेत विषय घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलेलं बरं. नंतर तक्रार झाली तर मुख्याध्यापक एकटे पडत नाहीत.

मुलं वापरतील असं काही

संगमरवरी पुतळा किंवा घुमटी उभी केली की वर्षातून एकदा हार पडतो, बाकी दिवस कबुतरं बसतात. मुलं रोज हात लावतील अशी वस्तू असेल तर आठवणही रोज जागी राहते. वाचनाचा कोपरा, पिण्याच्या पाण्याची टाकी, हात धुण्याचा ओटा, पारावरची बसायची जागा, विज्ञानाच्या साहित्याचं कपाट किंवा मैदानाच्या कडेची पायरी यातलं काहीही चालेल.

जुन्या इमारतीतलं सामानही कामी येतं. जुन्या वाशातून पुस्तकांची मांडणी होते. जुना घडीव दगड नव्या व्हरांड्याच्या ओट्यात बसवता येतो. जुनी घंटा पुन्हा टांगली तर इलेक्ट्रिक बेल असूनही मुलं तीच वाजवायला पळतात. जुनी कोनशिला नव्या भिंतीत बसवताना खाली छोट्या पाटीवर तिचा मजकूर वाचता येईल असा लिहावा, कारण जुनी अक्षरं मुलांना लागत नाहीत.

पाटी कशाची करायची, हेही पाहावं. उन्हातल्या भिंतीवर ऑइल पेंटची अक्षरं काही वर्षांत पोपडे धरतात. फ्लेक्स तर एका पावसाळ्याचा. कोरीव ग्रॅनाइट किंवा कडाप्पा जास्त टिकतो. पाटी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. दारावर आठ फुटांवर लावलेली पाटी फक्त पाहुणे वाचतात.

झाड लावायचं तर शेतकऱ्यासारखं

स्मृतीसाठी सगळ्यात जास्त पसंती झाडाला मिळते. आणि सगळ्यात जास्त मरतं तेही हेच झाड. जूनमध्ये फोटो निघतो, मार्चमध्ये काडी उरते. गेलेल्या मुलाच्या नावाचं झाड वाळलेलं पाहणं आईबापाला किती जड जातं, ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे लावायचं तर जगवायच्या तयारीनं.

वड, पिंपळ, उंबर इमारतीजवळ नकोत. त्यांची मुळं पाया आणि कंपाउंड फोडतात, त्यांना मैदानाच्या टोकाला जागा द्यावी. खोल्यांच्या बाजूला थोडं अंतर ठेवून कडुनिंब, करंज, बकुळ चालतात. माण, खटावसारख्या कमी पावसाच्या भागात कडुनिंब आणि करंज तग धरतात. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात जांभूळ, फणस येतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा उन्हाळ्यात काढून तापू द्यावा. शेणखत आणि माती भरून पहिला दमदार पाऊस झाल्यावर रोप लावावं. वीतभर रोपापेक्षा चार-पाच फुटी रोप शेळ्यांच्या तोंडातून लवकर सुटतं. काटेरी कुंपण किंवा जाळी हवीच.

खरी परीक्षा मे महिन्याच्या सुट्टीत असते. शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला, पाणी घालणारं कुणी नाही. रोपाशेजारी बुडाला बारीक भोक पाडून वात बसवलेलं मडकं पुरलं, तर एकदा भरलेलं पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. खोडाभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन टाकावं. पहिले तीन उन्हाळे कोण पाणी घालणार, त्याचं नाव इतिवृत्तात लिहावं. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असं लिहिलं की कुणीच देत नाही.

लेकरू गेलं असेल तर

सगळ्यात नाजूक विषय हा. विहिरीत पडून, सर्पदंशानं, रस्त्यावरच्या अपघातात किंवा आजारानं मूल जातं. त्याचा बाक रिकामा राहतो. नवी खोली झाली तरी वर्गातली मुलं विसरत नाहीत.

इथं पहिला अधिकार आईवडिलांचा. त्यांना विचारल्याशिवाय नाव, फोटो काहीच लावू नये. काहींना नाव हवं असतं, काहींना रोज शाळेवरून जाताना ते पाहवत नाही. दोन्ही बरोबरच. लगेच घाई करू नये, काही महिने जाऊ द्यावेत. ‘नको’ म्हणाले तर तिथंच थांबावं. पाटीवर मूल कसं गेलं ते लिहू नये. त्याला काय आवडायचं, ते लिहावं. हार घातलेला मोठा फोटो वर्गात फळ्याशेजारी लावू नये. लहान मुलं दिवसभर त्याच्याकडे पाहत बसतात. फोटो हवाच असेल तर वाचनालयात, हसऱ्या चेहऱ्याचा, हाराविना.

मुलानं आत्महत्या केली असेल तर जास्त काळजी लागते. अशा मृत्यूनंतर शाळेत वेगळं, मोठं स्मारक करू नये, असं मानसिक आरोग्यातले जाणकार सांगतात. त्रासात असलेल्या दुसऱ्या मुलाच्या मनात त्यातून भलता विचार येऊ शकतो. पण नाव लपवायचंही नाही. बाकी दिवंगत मुलांचं नाव जिथं, जसं आहे, तिथं आणि तसंच याचंही. घरच्यांना किंवा वर्गमित्रांना आधार लागला तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हे दोन्ही क्रमांक तसेही शाळेच्या भिंतीवर असायला हवेत.

आणि अपघाताचं कारण तसंच ठेवून स्मारक बांधण्यात काही राम नाही. तमिळनाडूत कुंभकोणम इथं १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुलं गेली. त्यांच्या आठवणीत तिथं स्मारक झालं. पण त्याच घटनेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये देशभरातल्या शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले. शाळेत अग्निशामक साधनं, सुरक्षित बांधकाम आणि प्रशिक्षित कर्मचारी असावेत, हा आग्रह त्यातून आला. शाळेजवळच्या विहिरीत मूल पडलं असेल तर पहिलं स्मारक म्हणजे त्या विहिरीचा कठडा आणि वरची जाळी. रस्त्यावर गेलं असेल तर शाळेपुढचा गतिरोधक. नावाची पाटी त्यानंतर.

शाळेच्या आत की बाहेर?

मोठी आपत्ती झाली की प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत मात्र वाचली. पुढे गावाचं पुनर्वसन जवळच दुसऱ्या जागेवर झालं आणि २०१७ मध्ये नवं माळीण उभं राहिलं. गेलेल्यांचं स्मारक जुन्या गावाच्या जागी, मुलांची नवी शाळा नव्या गावात. दरवर्षी ३० जुलैला लोक जुन्या जागी जातात, बाकी दिवस मुलं आपल्या शाळेत मोकळी असतात. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव भागानंही दरडींचं दुःख पाहिलं आहे. अशा गावांत नवी शाळा बांधताना हा विचार आधी करावा लागतो.

गुजरातमध्ये अंजार इथं २६ जानेवारी २००१ रोजी प्रजासत्ताक दिनाची फेरी चालू असताना भूकंप झाला आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक ढिगाऱ्याखाली गेले. त्यांच्यासाठी वीर बालक स्मारक झालं, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तेही शाळेच्या वर्गात नाही, स्वतंत्र जागेवर आहे. अमेरिकेत सँडी हुक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. तिथली जुनी इमारत पाडली, २०१६ मध्ये नवी शाळा सुरू झाली. स्मारक मात्र शाळेत न करता वेगळ्या जागी केलं, ते २०२२ मध्ये खुलं झालं.

यातून एक ढोबळ नियम निघतो. आयुष्यभर शिकवून गेलेले गुरुजी, मावशी, दाते यांची आठवण शाळेच्या आत, रोजच्या वाटेवर असावी. भयानक घटनेची आठवण शाळेपासून थोडी बाजूला असावी. ज्याला जायचं तो जाईल, सहा वर्षांच्या पोराला रोज त्यापुढून जायला लागू नये.

पैसा आणि हिशेब

बांधकामाचा सरकारी निधी ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करावा लागतो. स्मृतीच्या कोपऱ्यासाठी तो वळवू नये. माजी विद्यार्थी, ग्रामस्थ यांची वर्गणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात घ्यावी, प्रत्येकाला पावती द्यावी आणि खर्चाचा कागद नोटीस बोर्डावर लावावा. कपाट, घंटा, टाकी अशा वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवाव्यात. रजिस्टरला नोंद असली तर मुख्याध्यापकांची बदली झाली तरी वस्तू हलत नाही.

नावांची एक वहीही ठेवावी. पाटीवर दोन ओळी मावतात, वहीत दोन पानं मावतात. गुरुजी कोणत्या साली आले, कुठून सायकलवर यायचे, कोणती कविता चालीवर म्हणून घ्यायचे, हे जुन्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावं. पाचवी-सातवीच्या मुलांनीच गावात फिरून हे गोळा केलं तर भाषेचा प्रकल्पही होतो आणि आजी-आजोबांशी बोलणंही. ज्यांना हे आठवतं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

ज्या गावांत यंदा शाळेची खोली मंजूर आहे, तिथं समितीच्या पुढच्या बैठकीत तीन विषय घ्यायला हरकत नाही : जुन्या पाटीचा फोटो आणि ती राखून ठेवण्याचं पत्र, नावांचे नियम आणि झाडाला उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचं नाव. या तिन्हींना फार पैसा लागत नाही. फक्त पाडकाम सुरू होण्याआधी बैठक घ्यावी लागते.